एक बंदूक, दोन माणसं: माजी सैनिकांसाठी ठासणीच्या बंदुकीचा गट कसा उभा करावा

सैन्यातून बाहेर पडलेल्या माणसाला बरोबरीने करायच्या कामावाचून चुकल्याचुकल्यासारखं होतं. ठासणीच्या बंदुकीत असं काम भरपूर आहे. दारू मापायची, चिंधी लावायची, गोळी गजाने तळापर्यंत ठासायची, केप (घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी टोपी) चढवायची. एका बाराला अडीच-तीन मिनिटं सहज जातात. दिवस संपला की नळी धुतल्याशिवाय घरी जाता येत नाही, कारण रात्रभरात गंज धरतो. म्हणून माजी सैनिकांचा गट उभा करताना नेमबाजी हा दिवसाचा एक भाग धरावा आणि बाकीची आखणी जोडीने करायच्या कामाभोवती करावी. खाली दिलेली पद्धत त्याच हिशेबाने मांडली आहे.

हे सगळं अमेरिकेतल्या परिस्थितीला धरून आहे. तिथे या छंदाची मुळं जुनी आहेत, आणि तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलंमुलीही आता सैन्यात सेवा करून बाहेर पडताहेत. महाराष्ट्रात ठासणीची बंदूक कोकणातल्या शेतकऱ्याच्या घरी पीकसंरक्षणासाठी आजही सापडते, पण ती १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्यानेच ठेवता येते. त्यामुळे इथलं वाचून तिकडे कुणी हौस म्हणून प्रयोग करू नये.

कायदा आणि जागा

अमेरिकेच्या १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्यात, फक्त काळ्या दारूवर किंवा तिच्या पर्यायावर चालणारी आणि आधुनिक काडतूस घेऊ न शकणारी ठासणीची बंदूक 'पुरातन' वर्गात मोडते. त्यामुळे केंद्रीय पातळीवर तिच्या खरेदीला आधुनिक बंदुकीसारखी तपासणी लागत नाही. राज्यांचे कायदे मात्र वेगवेगळे आहेत, काही बरेच कडक आहेत. कुणावर जुनी शिक्षा असेल किंवा कुणी व्हिसावर राहत असेल, तर त्याने बंदुकीला हात लावण्याआधी आपल्या राज्यातल्या वकिलाला विचारावं. क्लबचा माणूस 'चालतं हो' म्हणाला एवढ्यावर विसंबू नये.

काळ्या दारूबाबत केंद्रीय सूट ५० पौंडांपर्यंत आहे, तीही फक्त कारखान्यात बनलेल्या दारूला आणि फक्त छंद, क्रीडा किंवा सांस्कृतिक वापरासाठी. स्थानिक अग्निशमन नियम याहून बरीच कमी मर्यादा घालू शकतात, म्हणून आधी तिथे चौकशी करा. छोट्या गटाला एका वेळी चार-पाच पौंडांहून जास्त साठा लागतच नाही. दारू मूळ डब्यातच ठेवायची. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत विसरायची नाही.

जागेसाठी नवं काही उभारू नका. नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन ही १९३३ पासूनची संस्था आहे, तिच्याशी जोडलेले क्लब अनेक राज्यांत आहेत. त्यांच्याकडे रेंज असते, विमा असतो, रेंज ऑफिसर असतो. महिन्यातला एक शनिवार माजी सैनिकांसाठी राखून ठेवायची विनंती करा. माणसं गोळा करायला अमेरिकन लीजन किंवा व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स या माजी सैनिकांच्या संघटनांची गावातली शाखा बरी. पहिली भेट मात्र शाखेत न ठरवता रेंजवर ठरवा. बऱ्याच शाखांत मद्याचा बार असतो, आणि पिणं सोडलेला माणूस त्या कारणाने येणं टाळतो.

आठ माणसं, चार बंदुका

सुरुवातीला आठच माणसं घ्या आणि बंदुका चारच ठेवा. प्रत्येकाला एकेक बंदूक दिली की आठ माणसं आठ टेबलांवर मान खाली घालून आपापलं काम करतात आणि दुपारी निघून जातात. असे गट तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर पातळ होताना दिसतात. दोघांत एक बंदूक दिली की एक जण भरतो आणि दुसरा पाहतो. पाहणाऱ्याचं काम ठरलेलं असतं: दारू पडली का, गोळी खुणेपर्यंत बसली का, केप वेळेआधी चढली नाही ना. तो प्रत्येक टप्पा मोठ्याने बोलतो. सैन्यात राहिलेल्या माणसाला ही रीत शिकवावी लागत नाही, ती अंगात असते.

जोड्या लावताना वय मिसळा. व्हिएतनामच्या काळातला एक आणि इराक-अफगाणिस्तानच्या काळातला एक अशी जोडी चांगली चालते. वाकणं, बादली उचलणं, लक्ष्य लावून येणं तरुण करतो. कापडाच्या जाडीवर अर्धा तास घालवायची सवड म्हाताऱ्याकडे असते. पहिले तीन महिने जोडी बदलू नका. हुद्दा, युनिट, कुठे होतास, काय पाहिलंस हे विचारायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. सांगायचं असेल तो आपणहून सांगतो, बहुतेक वेळा नळी धुताना.

ज्याला बार काढायचाच नाही त्यालाही काम द्या. वेळ मोजणं, दारूच्या डब्याची राखण, गुण लिहिणं, झेंडा सांभाळणं ही खरीखुरी कामं आहेत आणि रेंज त्यांच्यावाचून चालत नाही.

कोणती बंदूक घ्यावी

चारही बंदुका एकाच बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) असाव्यात, हा आमचा आग्रह आहे. .५० कॅलिबरची, बाजूला घोडा असलेली केपाची रायफल घ्या. बोअर सारखा असला की गोळ्या, चिंध्या, मापं सगळं सामाईक होतं आणि भलत्या मापाची गोळी भलत्या नळीत ठासली जात नाही. इटलीतल्या पेडरसोलीच्या प्रतिकृती उत्तम, पण महाग. साध्या रायफली काही शे डॉलरमध्ये मिळतात. नळीतले आटे (आतल्या पिळदार खाचा) ४८ इंचांत एक फेरा घेणारे असतील तर चिंधीतली गोल गोळी छान चालते. २८ इंचांत एक फेरा असलेली नळी लांब गोळीसाठी असते, गोल गोळीला ती फार झपकन फिरवते आणि निशाणा पसरतो. ब्रीच (नळीचं मागचं बंद टोक) पाठीमागून हुकाने सुटणारी असावी, म्हणजे नळी अख्खी काढून बादलीत उभी करता येते.

चकमकीची, म्हणजे केपेऐवजी गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी बंदूक दिसायला मोहक, पण पहिल्या वर्षी नको. गारगोटी बोथट झाली, रंजक (पेटवणीची दारू) ओलावलं, छिद्र बुजलं, अशा तिच्या तक्रारी नवख्याला कंटाळा आणतात. शिवाय पर्यायी दारू पेटायला जास्त उष्णता मागते, त्यामुळे चकमकीला खरी काळी दारूच लागते.

जुनी, वारसाने आलेली बंदूक कुणी आणली तर आधी गज टाकून ती भरलेली आहे का पाहा. पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर टांगलेली बंदूक भरलेली निघणं ही नेहमीची गोष्ट आहे. बंदूकसाज जाणणाऱ्या कारागिराने तपासल्याशिवाय तिच्यातून बार काढायचा नाही.

सामान

प्रत्येकी १५ बार धरले तर आठ जणांचे १२० होतात. एका बाराला ६० ग्रेन, म्हणजे साधारण ३.९ ग्रॅम, एफएफजी (मध्यम) दाण्याची काळी दारू. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात, म्हणजे लागते ती पौंडाहून जराशी जास्त; एकेक पौंडाचे दोन डबे आणा. गोळ्या .४९० इंच व्यासाच्या, शुद्ध मऊ शिशाच्या, १०० च्या दोन पेट्या. चाकाच्या वजनांचं वगैरे कडक शिसं नको, ते आटे नीट पकडत नाही आणि ठासायला जड जातं. केप ११ नंबरच्या, दोन डब्या. गोळीच्या चिंध्या .०१५ इंच जाडीच्या, घट्ट विणीच्या सुती कापडाच्या. उशीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड या कामाला प्रसिद्ध आहे, फक्त आधी धुऊन त्यातली खळ काढा. साफसफाईच्या चिंध्या किमान ४००.

चिंधीला लावायचं वंगण मधमाशीचं मेण आणि जनावराची किंवा वनस्पतीची चरबी यांचं करावं. बोटाला घट्ट तुपासारखं लागलं की झालं. खनिज तेलाचं ग्रीस वापरू नये. काळ्या दारूच्या जळक्याशी मिळून त्याचा डांबरासारखा थर होतो आणि पाचव्या-सहाव्या बाराला गोळी अर्ध्यात अडकते.

दर जोडीला एक पितळी माप, एक शॉर्ट स्टार्टर (गोळी नळीत शिरवायचा आखूड दांडा), फायबर किंवा पोलादाचा मजबूत गज, निपल (केप जिच्यावर बसते ती छोटी पोकळ नळी) खोलायची चावी, निपल टोचायची तार. संपूर्ण गटात मिळून गोळी ओढायचा स्क्रू आणि कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या सिलिंडरवर चालणारं गोळी बाहेर ढकलायचं साधन. हे साधन पहिल्या दिवसापासून हवं, कारण दारू न टाकता गोळी ठासण्याची चूक प्रत्येक नव्या गटात होतेच.

आणि एक गोष्ट जाड अक्षरात लिहून टेबलावर चिकटवा: आधुनिक, बिनधुराची दारू या बंदुकीत कधीही, चिमूटभरसुद्धा घालायची नाही. तिचा दाब ही नळी सोसत नाही. नळी फुटते आणि भरणाऱ्याचा डावा हात जातो. म्हणून रेंजवर एकच जण दारूचा डबा सांभाळतो, आणि घरून कुणी सुटी दारू आणली तर ती वापरली जात नाही. पर्यायी दारू घेतली असेल तर ती वजनावर न मापता काळ्या दारूच्या मापानेच, आकारमानाने मापायची, आणि तिच्या डब्यावर 'कमी घ्या' लिहिलं असेल तर तेवढी कमी घ्यायची. ट्रिपल सेव्हन ही पर्यायी दारू जास्त जोरकस आहे, तिला १५ टक्के कमी.

रेंजवरची मांडणी

भरण्याची टेबलं फायरिंग लाइनच्या मागे ठेवा. दारूचा मोठा डबा त्याहून मागे, सावलीत, झाकण बंद. प्रत्येक बाराची दारू छोट्या नळ्यांत आधीच मापून ठेवली तर डबा पुन्हा पुन्हा उघडावा लागत नाही. केप आणि दारू एका टेबलावर नकोत. केप लाइनवर मिळतात, टेबलावर नाही. या एका नियमाने टेबलावर चुकून बार उडण्याचा धोका जवळजवळ संपतो. आसपास सिगारेट नाही.

लाइनसमोर कोरडं गवत असेल तर कापून घ्या. बारासोबत चिंधी बाहेर पडते आणि कधी धुमसत असते. पाण्याची एक बादली आणि फावडं हाताशी ठेवा.

पुढे कधी कुणी चकमकीची बंदूक आणली तर त्याला लाइनच्या उजव्या टोकाला उभं करा. रंजक पेटताना नळीच्या बाजूच्या छिद्रातून ज्वाळेची पिचकारी उजवीकडे उडते आणि शेजाऱ्याच्या कानाशी येते. डावखुऱ्याची बंदूक असेल तर डावं टोक.

रेंज ऑफिसरचे हुकूम आवाजाबरोबर झेंड्यानेही द्या: लाल वर म्हणजे बार चालू, खाली म्हणजे सगळ्यांनी हात काढून मागे. माजी सैनिकांत कान गेलेले पुष्कळ असतात; कानात सतत घणघण ही त्यांच्या अपंगत्वाच्या दाव्यांमधली सर्वांत सामान्य तक्रार आहे. इअरप्लग आणि वरून मफ दोन्ही घातल्यावर हुकूम ऐकू येत नाही, झेंडा दिसतो.

बार भरणं

सर्वांत आधी गजावर खुणा करा. रिकाम्या नळीत गज तळापर्यंत सोडा, तोंडाशी जिथे येतो तिथे एक रेघ. मग ६० ग्रेन दारू आणि गोळी नीट बसवून दुसरी रेघ. .५० च्या नळीत या दोन रेघांत साधारण पावणेदोन इंच अंतर पडतं. पुढे दिवसभर ही दुसरी रेघच सांगते की दारू दोनदा पडली का, अजिबात पडली नाही का, की गोळी वर लटकली आहे.

सकाळी नळीतलं तेल कोरड्या चिंधीने पुसून काढा. मग नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ नेऊन दोन-तीन नुसत्या केप उडवा. पातं हललं म्हणजे निपलपासून तोंडापर्यंत वाट मोकळी आहे. हललं नाही तर तेल किंवा घाण अडकली आहे, निपल खोलून साफ करा. नाहीतर पहिलाच बार फुसका जाणार.

आता बंदूक पायांच्या मध्ये उभी धरायची, तोंड चेहऱ्यापासून लांब. दारू डब्यातून किंवा शिंगातून थेट नळीत कधी ओतायची नाही. मागच्या बाराची ठिणगी आत राहिली असेल तर हातातला अख्खा साठा पेटतो. आधी मापात, मापातून नळीत. जोडीदार म्हणतो, "दारू पडली." नळीच्या कुशीवर हाताने दोन थापा म्हणजे दारू तळाला बसते.

चिंधी तोंडावर मध्यभागी, तिच्यावर गोळी. गोळी ओतताना राहिलेला चपटा भाग बरोबर वर. शॉर्ट स्टार्टरच्या आखूड टोकाने आत, मग लांब टोकाने चार-पाच इंच खाली. त्यानंतर गज. गज तोंडापासून सहा-आठ इंचांवरच पकडायचा आणि आखूड आखूड रेट्याने गोळी उतरवायची. लाकडी गज वर धरून जोर लावला तर तिरका मोडतो आणि मोडलेलं टोक तळहातातून आरपार जातं. या छंदातल्या दुखापतींत ही दुखापत ओळखीची आहे.

गोळी दारूवर घट्ट टेकली पाहिजे. आपटायची नाही, दाबायची. दारू आणि गोळी यांत पोकळी राहिली तर बार उडताना दाब तिथे उसळतो आणि नळीला कडं पडतं किंवा ती फुगते. रेघ तोंडाशी आली की जोडीदार म्हणतो, "खूण आली." भरताना दोघांत या शब्दांपलीकडे बोलणं नको. बिनदारूची गोळी ठासली जाते ती बहुधा मधेच कुणी गप्पा काढल्यामुळे.

मग लाइनवर जायचं, तोंड समोर, घोडा अर्धा, केप निपलवर दाबून बसवायची, घोडा पूर्ण, बार. चाप दाबल्यावरही क्षणभर निशाणा धरून ठेवायचा. या बंदुकीत चाप आणि बार यांत जरा अवधी जातो. लगेच मान वर काढणाऱ्याची गोळी वर किंवा बाजूला जाते.

प्रत्येक बारानंतर एक ओलसर चिंधी एकदा खाली-वर, मग तीच उलटी करून, मग एक कोरडी. ओलसर म्हणजे पिळलेली. टपटपती चिंधी जळका चिखल करून खाली ढकलते, निपलकडे जाणारी वाट बुजते आणि पुढचा बार पेटत नाही.

बार फुसका गेला तर

तोंड समोरच ठेवून पूर्ण एक मिनिट थांबा. जोडीदार घड्याळ पाहतो. दारू कधी उशिरा पेटते. मग नवी केप. पुन्हा नाही उडाला तर निपल तारेने टोचा, परत केप. तरीही नाही, तर निपल खोलून मागच्या वाटेत एफएफएफजी (जास्त बारीक) दारूचे थोडे दाणे सारा, निपल बसवा, गजाने गोळी तळाला आहे याची खात्री करा आणि बार काढा. बिनदारूची गोळीही बहुतेक वेळा याच उपायाने निघते.

तेवढ्याने न निघाल्यास वायूचं साधन वापरा, तोंड लक्ष्याकडे आणि लाइन मोकळी करून. स्क्रूने ओढायची वेळ आलीच तर आधी निपलच्या भोकातून पाणी घालून आतली दारू भिजवा. नळीच्या तोंडापुढे कुणीही उभं राहायचं नाही.

नवख्याला या प्रकाराची फार लाज वाटते. रेंज ऑफिसरने आवाज न चढवता, टप्पे मोजत काम संपवावं, आणि इतरांनी आपलं काम चालू ठेवावं.

आवाज, खांदा, धूर

काळ्या दारूचा आवाज आधुनिक रायफलीच्या टाळीसारख्या फटक्यापेक्षा जड आणि घुमणारा असतो. कुणाला त्याने त्रास होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून पहिल्या दिवशी पायऱ्या ठेवा. आधी पन्नास पावलं मागून बघणं. मग लाइनवर फक्त केप उडवणं. मग ३० ग्रेनचा बार, मग ४५, मग ६०. दर बाराआधी मोठ्याने इशारा. कुणी मधूनच उठून गाडीकडे गेला तर त्याच्या जोडीदाराने पाठोपाठ जावं, बाकीच्यांनी नको.

खांद्यावर शस्त्रक्रिया झालेल्यांना ४५ ग्रेन पुरे. २५ यार्डांवर कागदाला तेवढ्याने काही फरक पडत नाही. बसून, तिवईवर नळी टेकवून मारायला पूर्ण मुभा द्या. एका हाताने भरणाऱ्यासाठी टेबलाच्या कडेला कातड्याचं अस्तर लावलेली खाच करा, बंदूक त्यात उभी राहते.

निशाणा सुधारायची गोडी लागली की ५० ग्रेनपासून सुरू करून पाच-पाच ग्रेनने वर जा, प्रत्येक मापाला पाच बार. समोर पडलेल्या चिंध्या गोळा करून पाहा. मध्ये काळी, कडा शाबूत, तर सगळं ठीक. गोल कापली गेली असेल तर नळीच्या तोंडाची धार किंवा आट्यांच्या कडा तीक्ष्ण आहेत. मध्ये जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे किंवा वंगण कमी. हाताच्या पंजावर चिंधी ठेवून चार जण वाद घालू लागले की गट जमला असं समजावं.

धुणं, आणि तेही सगळ्यांनी मिळून

घरी जाऊन साफ करू द्यायचं नाही. आमच्या मते या पूर्ण आखणीतला हा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. बार चालू असताना कान बंद असतात आणि लक्ष हुकमाकडे असतं. मफ उतरवून, बाह्या सारून, एका बादलीभोवती दोघं बसले की पहिल्यांदा सलग बोलणं होतं, तेही नजर कामावर ठेवून. समोरासमोर बसून बोलणं ज्यांना जमत नाही त्यांना हे जमतं. त्यामुळे या कामाला पाऊण ते एक तास वेगळा काढा, वेळापत्रकात लिहून ठेवा, आणि कॉफी तेव्हाच करा. बिअर आणायचीच असेल तर बंदुका धुऊन गाडीत बंद झाल्यावर. शिशामुळे आधी सगळ्यांचे हात साबणाने स्वच्छ. तोवर खाणं नाही.

नळी दस्त्यापासून सोडवा, निपल काढा. बादलीत गरम पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब. नळीचं मागचं टोक पाण्यात उभं करून वरून चिंधी लावलेला गज खाली-वर करा; पंपासारखं पाणी आत ओढलं जातं आणि बाहेर फेकलं जातं. सडक्या अंड्याचा वास येईल, तो दारूतल्या गंधकाचा. पाणी काळं झालं की बदला. तिसऱ्या पाण्याला ते स्वच्छ राहिलं पाहिजे. मग साधं पाणी, मग कोरड्या चिंध्या, शेवटची पांढरी निघेपर्यंत, आणि लगेच तेल. उकळतं पाणी घेतलं तर नळी झपाट्याने सुकते, पण सुकतानाच आत तांबूस गंजाची झाक येते. कढत नको, हाताला सोसेल असं घ्या. घोड्याचं यंत्र ओल्या फडक्याने पुसून तेलाचा थेंब.

दारूच्या जळक्यात क्षार असतात आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतात. मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या दमट उन्हाळ्यात एका रात्रीत नळीला खड्डे पडतात. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चिंधी फिरवायची. ती तांबूस आली तर परत पुसून तेल.

या दुसऱ्या दिवसाच्या चिंधीचा उपयोग करून घ्या. ज्याच्या घरी बंदूक गेली त्याने रविवारी जोडीदाराला फोन करून चिंधी कशी आली ते सांगायचं. फोन आला नाही तर जोडीदाराने करायचा. कारण बंदुकीचं, पण आवाज कानावर पडतो, आणि नेहमी बोलणारा माणूस दोन रविवार गप्प असेल तर ते कळतं. असं झालं तर सरळ विचारा, घरी जा. दिवस वाईट चालले असतील तर त्याच्याकडच्या सगळ्या बंदुका, फक्त ठासणीची नव्हे, काही काळ दुसरीकडे ठेवायला सुचवा. क्लबच्या तिजोरीत ठेवता येतील का आणि राज्याचा कायदा याबद्दल काय म्हणतो, हे संयोजकाने गट सुरू करण्याआधीच विचारून ठेवावं. ऐनवेळी शोधाशोध नको. अमेरिकेत ९८८ फिरवून १ दाबलं की माजी सैनिकांसाठीची संकटकालीन मदत चोवीस तास मिळते. हा आकडा प्रत्येकाच्या सामानाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा.

गटाबाहेर

सहा महिन्यांनी आपल्याआपल्यांत स्पर्धा लावा. ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची रीत सोपी आहे: ३० मिनिटांत १३ बार, त्यातले सर्वोत्तम १० धरायचे. एका बाराला सव्वादोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ मिळतो, म्हणजे घाई न करता भरणाऱ्यालाच गुण. जोडीचे गुण एकत्र मोजा, एकट्याचे जाहीर करू नका.

दूरच्या क्लबशी टपालाने सामना करता येतो. दोन्हीकडे एकच छापील लक्ष्य, एकच अंतर, साक्षीदाराची सही, आणि कागद एकमेकांना पाठवायचे. प्रवास न झेपणाऱ्यांसाठी हे उत्तम.

प्रवास झेपत असेल तर इंडियानातल्या फ्रेंडशिप या छोट्या गावी चला. तिथल्या वॉल्टर क्लाइन रेंजवर नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचे राष्ट्रीय सामने जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये भरतात. पहिल्या खेपेला नुसतं बघायला जा. संघभावना हवी असणाऱ्यांनी नॉर्थ-साउथ स्कर्मिश असोसिएशन पाहावी. १९५०ची ही संस्था यादवी युद्धाच्या काळातल्या बंदुकांचे सामने घेते, व्हर्जिनियात विंचेस्टरजवळच्या फोर्ट शेनांडोआवर, मे आणि ऑक्टोबरमध्ये. मस्केटच्या संघात आठ जण असतात. लक्ष्यं मातीची, फुटणारी, आणि सगळी फुटायला संपूर्ण संघाला लागलेला वेळ मोजला जातो, त्यामुळे ज्याची लक्ष्यं संपली तो शेजाऱ्याची फोडायला लागतो. तिथे बंदूक .५८ची मस्केट लागते, मिनी गोळी (तळाला पोकळ असलेली लांबट गोळी), वेगळी केप, आणि त्या काळचा गणवेशही. बंदूक किंवा कापड विकत घेण्याआधी जवळच्या एखाद्या संघासोबत दोन सराव करा. बहुतेक संघ नवख्याला आपली बंदूक हातात देतात, आणि आपल्या आठांपैकी किती जणांना हे पेलेल तेही तिथेच कळतं.